इटलीतली इर्जिक



मागं इटलीतल्या ऑलिव्हच्या बागेचे चार फोटो टाकले होते. त्यावर सगळ्यात जास्त एकच प्रश्न आला. "बापू, तुम्ही तिकडं फुकट काम करून आलात, मग तिकडची माणसं आपल्याकडं फुकट कामाला येतील का? नंबर द्या." छाटणीला माणूस मिळत नाही, तोडणीला मिळत नाही, त्यामुळं प्रश्नामागची तळमळ कळली. पण उत्तर दोन ओळींत बसेना. म्हणून हे लांबडं लिहितोय, सवडीनं वाचा.

आधी ही भानगड काय ते सांगतो. १९७१ साली इंग्लंडमध्ये स्यू कॉपार्ड नावाच्या बाईंनी हे सुरू केलं. लंडनमध्ये सेक्रेटरी होत्या, शेत नाही, पण शनिवार-रविवारी शेतावर जायची ओढ. ससेक्समधल्या एका सेंद्रिय शेतावर चार जणांना घेऊन गेल्या, काम केलं, तिथंच जेवल्या, राहिल्या. त्यातनं 'वूफ' नावाची चळवळ उभी राहिली आणि आता ती कितीतरी देशांत आहे. नियम साधा. रोजचे चार ते सहा तास शेतात काम, त्या बदल्यात राहायला जागा आणि जेवण. पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत. आपण सभासद व्हायचं, यजमानांची यादी बघायची, पत्र लिहायचं, ते हो म्हणाले की जायचं. वर्कअवे, हेल्पएक्स अशा आणखी संस्था आहेत, त्यांत शेताशिवाय हॉटेल, बांधकाम, मुलं सांभाळणं असलंही काम असतं.

माझा भाचा मिलानला नोकरीला आहे. तो तीन वर्षं बोलवत होता. मी म्हणलं, नुसतं चर्च बघायला एवढा खर्च करून येणार नाही, कुठं शेत दाखवणार असशील तर येतो. त्यानं हे शोधून काढलं. माझी बाग आंबिया बहाराची, त्यामुळं ऑक्टोबरच्या शेवटी बागेला ताण बसायच्या आधी दोन-अडीच आठवडे मोकळे निघतात. २०२४ साली नेमकी त्यात दिवाळी आली. घरी काय झालं ते लिहीत नाही.

व्हिसाचं मात्र लिहितो, कारण त्यात लोक फसतात. मी अर्जात होतं ते लिहिलं. भाच्याकडं राहणार, आणि सोळा दिवस अमुक शेतावर सभासद पाहुणा म्हणून राहणार. यजमानांचं पत्र जोडलं. काही लपवलं नाही. प्रत्येक देशाचा नियम वेगळा आहे. ब्रिटनला पर्यटक व्हिसावर गेलात तर बिनपगारी सेवा फक्त नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत करता येते, तीही एकूण तीसच दिवस. म्हणजे शेतकऱ्याच्या बागेत नाही. कुणी एजंट 'चालतं ओ' म्हणाला तरी स्वतः लेखी विचारा.

तर जागा अंब्रिया प्रांतात, त्रेवी आणि स्पोलेतोच्या मधल्या डोंगरउतारावर. असिसीपासून स्पोलेतोपर्यंतचा हा सगळा उतार ऑलिव्हचा आहे. चुनखडीचं खडकाळ रान, दगडी ताली रचून केलेल्या पट्ट्या, एकेका पट्टीवर एक-दोन ओळी झाडं. २०१८ साली 'एफएओ'नं या पट्ट्याला जागतिक कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. ट्रॅक्टर जात नाही. आमच्या माणदेशी माणसाला बघूनच वाटलं, हे रान आपल्यातलंच आहे, फक्त हिरवं आहे.

घरात आजोबा-आजी, मुलगा, सून. आजोबांना सगळे नोन्नो म्हणायचे, म्हणजे आजोबाच. वय अठ्ठ्याहत्तर. इंग्रजी फक्त सुनेला. बाकी सगळा कारभार मोबाईलवर बोलून भाषांतर, आणि ते नाही जमलं की हातवारे. माझ्याशिवाय फ्रान्सची एक पोरगी आणि अर्जेंटिनाचं एक नवरा-बायको.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट डोळ्यात भरली. झाडं जुनी म्हणावीत तर खोडं बारीक, आणि एकेका बुडातनं तीन-तीन, चार-चार खोडं. आपण डाळिंबाला ठेवतो तशी. मी खुणेनं विचारलं, असं का? नोन्नो खाली बसले, माती बाजूला केली आणि मधलं जुनं बुड दाखवलं. आपल्या दळायच्या जात्यापेक्षा रुंद, वर करवतीनं सपाट कापलेलं. म्हणाले, "ओत्तांताचिंक्वे." पंच्याऐंशी. जानेवारी १९८५ मध्ये अशी थंडी पडली की मध्य इटलीतल्या बागाच्या बागा जळाल्या. यांनी झाडं जमिनीसरशी कापली आणि मुळातनं आलेले फुटवे वाढवले. नीट उत्पन्न सुरू व्हायला बरीच वर्षं गेली. तेव्हा ते एकोणचाळीस वर्षांचे होते.

मी मोबाईलवर बोललो, की आमची पहिली बाग तेल्यानं गेली, वडलांनी जेसीबी लावून काढली, आणि आता शेजारच्या गावांत मर आणि पिन होल बोररनं बागा वाळतायत. भाषांतर काय झालं देव जाणे. पण त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवसापासनं मी त्यांच्या पट्टीवर.

काम असं. झाडाखाली जाळी अंथरायची, उताराच्या बाजूला काठ्या लावून कड उचलून धरायची, नाहीतर फळ थेट खालच्या शेजाऱ्याकडं. मग हातातल्या छोट्या प्लॅस्टिकच्या दाताळ्यानं फांदी विंचरायची. वरच्या शेंड्याला बॅटरीवर चालणारी काठी, तिच्या टोकाची बोटं थरथरतात आणि फळ झडतं. मोरायोलो जातीचं फळ बारीक आणि देठाला घट्ट, त्यामुळं हात दुखतात. पाच तासांत माझं चाळीसेक किलो व्हायचं. नोन्नो माझ्या दीडपट काढायचे आणि वर गाणी म्हणायचे.

आपल्या कामाचं तिथं काय दिसलं, तर दोन गोष्टी. एक, फळमाशी. आपल्या आंब्यातली बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, तर यांची बॅक्ट्रोसेरा ओली, एकाच कुळातली. फळात अंडी घालते, अळी आतनं पोखरते, तेलाची आम्लता वाढते, भाव पडतो. यांनी झाडाला पाण्याच्या बाटल्या टांगलेल्या, वरच्या भागाला भोकं, आत पाण्यात विरघळवलेलं डीएपी. होय, आपण पोत्यानं टाकतो तेच. त्याच्या अमोनियाच्या वासानं माशी आत येते आणि बुडते. शिवाय केओलिनची फवारणी. आपण उन्हाच्या चट्ट्यासाठी डाळिंबावर मारतो, हे माशीनं फळावर बसू नये म्हणून मारतात. आणि तिसरा उपाय म्हणजे तोडणीच लवकर करायची. तेल थोडं कमी निघतं पण फळ वाचतं.

दुसरी गोष्ट मोरचुदाची. त्यांच्याकडं पानावर मोराच्या पिसासारखे ठिपके पडणारा रोग असतो, त्याला तांबं मारतात. पण युरोपात हिशोब ठरलेला. सात वर्षांत मिळून हेक्टरी अठ्ठावीस किलो तांबं, म्हणजे सरासरी वर्षाला चार किलो. रात्री मी वहीवर आपलं गणित मांडलं. एक टक्का बोर्डो, एकरी ४०० लिटर, म्हणजे चार किलो मोरचूद, त्यात पंचवीस टक्के धरून एक किलो तांबं. हेक्टरी अडीच किलो. दोन फवारण्यांतच आपण त्यांच्या वर्षाच्या पुढं जातो. आणि आपल्यातले काही जण बहारात किती बोर्डो मारतात ते मी लिहायला नको. माती परीक्षणात तांबं बघून घ्या एकदा.

आता जे सांगायचंय त्यावर येतो.

दुपारी एकला काम बंद. पहिल्या आठवड्यात एकदा माझी ओळ निम्मी राहिली होती. ढग आले होते. आपली सवय अशी की हातातलं संपवूनच घरी जायचं. मी तसाच राहिलो. नोन्नो वर जाऊन परत आले, माझ्या हातातलं दाताळं काढून घेतलं आणि जरा चिडूनच बोलले. मला वाटलं जाळी फाडली की काय. जेवताना सुनेनं सांगितलं. तू पाच तास काम करतोस, आमच्या ताटाला बसतोस, तेव्हा तू पाहुणा. दिवसभर राबलास तर तू मजूर, आणि मग तुझा पगार, विमा, नोंदणी हे सगळं आम्ही चुकवलं असा अर्थ होतो. तपासणीवाला आला तर दंड. तिथं पाहुण्यारावळ्यांनी फुकट हात लावायचा म्हणलं तरी नात्याची मर्यादा कायद्यात लिहिलेली आहे. आणि सून पुढं म्हणाली, दंडाचं सोड, नोन्नोला ते बरं दिसत नाही.

ताट मात्र खरंच एकच. मोठं लाकडी टेबल, नोन्नो टोकाला, बाकी जागा मिळेल तिथं. तिकडची भाकरी म्हणजे पाव, आणि त्या भागात पावात मीठच घालत नाहीत. पहिले दोन दिवस मला वाटलं विसरले. मग घाण्यावरनं नवं तेल आलं. हिरवंगार, घशाला मिरचीसारखं झोंबणारं. भाजलेल्या पावावर लसूण घासून वर ते तेल आणि मीठ. मला आमच्या आजीची तेल-चटणी-भाकरी आठवली. मी एक दिवस त्यांच्या कास्तेल्लुच्चोच्या बारीक मसुराची आमटी केली, पुण्याहून नेलेला काळा मसाला घालून. आजीनं दोनदा घेतली, नोन्नोनं पाणी जास्त प्यायलं.

लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं. त्याच दिवशी तिकडं सर्व संतांचा सण, आणि लोक स्मशानात जाऊन कबरींवर फुलं ठेवतात. बाजारात शेवंतीचे ढीग. मला आनंद झाला, पूजेला शेवंती मिळाली! एक कुंडी घेऊन घरात शिरलो तर आजीनं दारातच अडवलं. तिथं शेवंती फक्त मेलेल्या माणसासाठी. माझी लक्ष्मी मग रोझमेरीच्या फांदीवर भागली.

घाण्यावर मी रात्री गेलो होतो. तोडल्यापासनं एका दिवसाच्या आत फळ घाण्यात पडलं पाहिजे, आणि लगदा मळताना सत्तावीस अंशांच्या वर तापला नाही तरच त्याला थंड घाण्याचं म्हणता येतं. त्या दिवशी आमच्या फळाला शंभर किलोला चौदा किलो तेल उतरलं. घरच्या दारात ते पंधरा युरो लिटरनं जात होतं. मी शेतकरी, डोकं तिकडंच जाणार. माझे चाळीस किलो म्हणजे सहा लिटर तेल, नव्वद युरो, आपले आठ हजार. पाच तासांचे. त्यातनं घाण्याचा दर, बाटली, माझं जेवण, झाडाची वर्षभराची छाटणी-मशागत सगळं वजा धरलं तरी मी काही त्यांच्यावर ओझं नव्हतो. हे मी नोन्नोला सांगितलं नाही. पण फ्रान्सच्या पोरीनं सांगितलं ते ऐका. याच्या आधी ती दुसऱ्या एका शेतावर होती. तिथं नऊ-नऊ तास काम, झोपायला पत्र्याची खोली, जेवण ज्याचं त्यानं करायचं. पाचव्या दिवशी पहाटे बॅग उचलून निघून आली. नियम तोच, संस्था तीच. माणूस बदलला की पाहुण्याचा गडी होतो.

पण तिला निघून येता आलं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

रविवारी, १० नोव्हेंबरला मी रोमच्या गाडीत बसलो. तेर्नीला एक सरदारजी चढला. पस्तिशीचा असेल. मी हिंदीत बोललो तसा समोर येऊन बसला. भावाला भेटून परत लातिनाकडं चालला होता. रोमच्या दक्षिणेला तो सखल पट्टा, पूर्वी दलदल, आता प्लॅस्टिकच्या हरितगृहांनी भरलेला. तिथं हजारो पंजाबी भाजीत राबतात. आपल्याकडं मुकादम, तसा तिथं कापोराले. माणसं तोच पुरवणार, गाडीत भरून तोच नेणार, कापून तोच घेणार. त्याविरुद्ध २०१६ मध्ये तिथल्या आपल्या लोकांनी संप केला, त्याच वर्षी कडक कायदाही आला. तरी २०२४ च्या जूनमध्ये त्याच भागात एका पंजाबी मजुराचा हात यंत्रात तुटला, त्याला दवाखान्यात न्यायचं सोडून घराबाहेर टाकून दिलं, तुटलेला हात फळाच्या क्रेटमध्ये. तो वाचला नाही. मोर्चे निघाले. माझ्यासमोर बसलेला माणूस त्या मोर्चात होता.

त्यानं विचारलं, "आप क्या करते हो इधर?" मी हौसेनं सांगितलं. ऑलिव्ह तोडले, सोळा दिवस.

"घंटे का कितना दिया?"

"कुछ नहीं. खाना, रहना."

तो हसला. मग हसणं गेलं. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "भाईसाब, आप घूमने आये हो, अच्छी बात है. पर आप जैसे मुफ्त में करेंगे तो हमको कौन देगा?"

मला उत्तर आलं नाही. तो व्हिसाला जमीन गहाण टाकून आलेला. आवडलं नाही म्हणून पहाटे बॅग उचलून निघून जायची सोय त्याला नाही. मी पाच तास वाकून 'अनुभव' घेतला, तो तेच काम पोटासाठी करतो. रोमला उतरताना त्यानं माझी बॅग खाली काढून दिली, एवढंच.

विमानात झोप लागली नाही. लहानपणीची इर्जिक आठवत होती. नव्या पोरांना सांगतो, एखाद्याचं रान अडलं की गावातली औतं त्याच्या रानात उतरायची, दिवसात नांगरट उरकायची, आणि त्यानं सगळ्यांना जेवण घालायचं. पैसा नाही. उद्या दुसऱ्याची पाळी. आपण हे सांगताना गहिवरतो. पण माझ्या आजोबांच्या इर्जिकीत औत हाकायला जो गडी असायचा, त्याला स्वतःचं रान नव्हतं. तो जेवायचा, पण त्याची पाळी कधी यायची? ज्याच्याकडं रानच नाही त्याची इर्जिक कोण करणार? इतकी वर्षं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

घरी आलो. आमच्याकडं आठ बायका कामाला येतात. तेव्हा रोज तीनशे रुपये होता. त्यांची भाकरी त्या घरनं आणतात, बाभळीखाली बसतात, मी वस्तीवर जेवतो. नोन्नोच्या टेबलाची हवा डोक्यात होतीच. बायकोला म्हणलं, उद्यापासनं दुपारचं जेवण सगळ्यांना आपल्याकडं, एकत्र बसू. ती म्हणाली, आठ जणींच्या भाकरी कोण बडवणार, तुमचा नोन्नो? ते बरोबरच होतं. तरी एक दिवस केलं. सगळ्या जणी अवघडून बसल्या, माझ्यासमोर कुणी नीट खाईना. जेवण झाल्यावर मुख्य मावशी म्हणाल्या, "बापू, आमची भाकरी आमाला गोड लागती. जेवाण नगं, हजरी वाडवा."

पन्नास वाढवले. शेजारच्या दोघांनी मला बांधावर गाठून झापलं, तू भाव बिघडवतोस म्हणून. त्यांचंही खोटं नाही, डाळिंबाचा भाव पडला की मीही कुठनं देणार हा प्रश्न आहेच. एकच्या आत सुट्टी मात्र मला जमलेली नाही. आपलं एकरी गणित त्यात बसत नाही.

आता तुमचा प्रश्न. येतील का? येतात. भारतातही अशी यजमान शेतं आहेत. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की चोवीस तासांच्या आत त्याची ऑनलाईन नोंद करावी लागते, हे विसरू नका. ई-पर्यटक व्हिसावर बिनपगारी सेवा जास्तीत जास्त महिनाभर चालते, आणि तिच्या बदल्यात कुठल्याच स्वरूपाचा मोबदला नको असं अटीत आहे. जेवण-मुक्काम त्यात धरतात का हे नोंदणी कार्यालयात लेखी विचारून मगच बोलवा. पण छाटणी आणि विरळणीला माणूस नाही म्हणून त्यांना बोलवायचं असेल, तर नंबर माझ्याकडं मागू नका. शिकाऊ माणसाच्या हातात कात्री दिली तर दोन वर्षांची काडी जाते, हे एक. आणि दुसरं ते सरदारजीनं सांगितलंय.

अर्जेंटिनाचं ते जोडपं फेब्रुवारीत भारतात येणार आहे. आठ दिवस आमच्याकडं राहतो म्हणतायत. मी या म्हणलंय, सगळं विचारून घेऊन. गांडूळखताचे बेड आणि जीवामृताचं काम दाखवणार, पाच तास, एकला बंद. परवा मावशींना सांगितलं, की असे असे दोघं येणार आहेत.

"हजरी किती घ्येणार?"

"काही नाही मावशी. जेवण फक्त."

"मग आमाला काडणार व्हय?"

"न्हाई ओ."

"तसं लिवून द्या," म्हणाल्या. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.